कोटाच्या खिशातलं पाचवं पिस्तूल

चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीसाठी मी माझा तपकिरी कॉर्डरॉयचा कोट दिला, आणि त्याच्या आतल्या खिशात माझं भरलेलं पिस्तूल तसंच राहिलं. एवढी लाजिरवाणी गोष्ट मी एका दमात लिहून मोकळा झालो, कारण मेस्किट फोर्क गावात गेली तीन वर्षं ती रोज कुणी ना कुणी मला ऐकवतंच. कान तयार झाले की लिहायला हातही तयार होतो.

मूळ दोष हवेचा. टेक्सासच्या आमच्या या कोपऱ्यात मार्च महिन्याचं काही खरं नसतं. एक गुरुवार असा गारठलेला निघाला की मी कपाटातून कोट काढला, कोटाला शोभेलसं छोटं पिस्तूल त्याच्या आतल्या खिशात ठेवलं, दिवसभर औषधांचं दुकान चालवलं आणि घरी येऊन कोट परत कपाटात टांगला. शुक्रवारी ऊन कडकडीत पडलं. शुक्रवारचा सदरा वेगळा, म्हणून शुक्रवारचं पिस्तूलही वेगळं. दोन आठवड्यांनी कुंदाने, म्हणजे आमच्या घरातल्या सरकारने, कपाट उपसायला काढलं.

"अहो, हा कोट घालता की देऊ?"

"देऊन टाक," मी पेपरातून मान वर न काढता म्हणालो.

या दोन आठवड्यांत आपलं एक पिस्तूल जागेवर नाही, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. माझ्याकडे पाच होती. पहिलं घेतलं ते गरज म्हणून. शेजारच्या गावातलं औषधांचं दुकान कुणीतरी भरदिवसा लुटलं होतं आणि आमच्या दुकानातही लोकांना नको त्या कारणासाठी हव्या असणाऱ्या गोळ्या असतात. दुसरं घेतलं, कारण पहिलं कमरेला जड वाटायला लागलं. तिसरं उन्हाळ्याच्या पातळ सदऱ्याखालून दिसू नये म्हणून. चौथं सेलमध्ये होतं म्हणून. आणि पाचवं, आता खोटं कशाला बोला, दिसायला सुंदर होतं म्हणून. लाकडी मुठीचं, तळहातात मावणारं, चांदीच्या अत्तरदाणीसारखं.

मग एवढी सगळी आहेत तर वापरायला नकोत का? सोमवारी हे, मंगळवारी ते. कुंदा म्हणायची, "माझ्या साड्यांना नावं ठेवणारा माणूस सदऱ्याला मॅचिंग पिस्तूल घालतो." मी तिच्याकडे दुर्लक्ष करायचो. पुरुषाच्या छंदाला शास्त्र असतं अशी माझी समजूत होती.

सोमवारी सकाळी दुकान उघडून दहा मिनिटं झाली असतील. मिस व्हर्लीन स्टकी आत आल्या. त्यांच्या हातात हँगर होता, हँगरला माझा कोट होता आणि कोटाला चार डॉलरची चिठ्ठी लावलेली होती.

मिस व्हर्लीन या त्र्याहत्तर वर्षांच्या बाई. उंची पाच फुटांच्या आतबाहेर, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, पायांत बारा महिने गुरं राखणाऱ्यांचे बूट. एकतीस वर्षं त्यांनी शाळेची नऊ नंबरची बस चालवली. आज गावात चाळिशी-पन्नाशीला आलेली जी जाडजूड माणसं दिसतात, ती सगळी एके काळी त्या बसमध्ये मागच्या बाकावर बसून च्युइंगगम चिकटवत होती, आणि मिस व्हर्लीननी समोरच्या आरशातून नुसतं बघितलं की स्वतःच खरवडून काढत होती. बसची नोकरी सुटली, पण तो आरसा त्यांच्या कपाळावर कुठेतरी कायमचा बसवलेला आहे. चर्चच्या विक्रीचे कपडे त्याच निवडतात. आणि दर शनिवारी गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर, पत्र्याच्या शेडमध्ये, लपवून पिस्तूल बाळगणाऱ्यांचा वर्ग घेतात. परवाना असो नसो, त्यांच्या वर्गाला बसल्याशिवाय गावात कुणी कमरेला पिस्तूल लावत नाही. लावलं तर लोक विचारतात, मिस व्हर्लीनना माहीत आहे का?

"डॉक," त्या म्हणाल्या. मी डॉक्टर नाही, पण औषधं देतो म्हणून गावाने मला डॉक करून टाकलंय. "हा कोट तुझा?"

"होय की. दिला मी."

"खिशांसकट दिलास?"

"म्हणजे?"

"तुझी पिस्तुलं कुठे आहेत?"

"घरी. तिजोरीत. एक माझ्या कमरेला."

"सगळी?"

"सगळी," मी छाती काढून म्हणालो.

त्या कपाळावरच्या आरशातून बघत राहिल्या. रांगेत त्यांच्या मागे ऑटिस ग्रब उभा होता. ऑटिस विहिरी खोदतो, आमच्या नेमबाजी क्लबचा अध्यक्ष आहे, आणि दुसऱ्याची फजिती होत असेल तर स्वतःचा रक्तदाब विसरून थांबायला तयार असतो.

"एक मला सापडलंय," मिस व्हर्लीन म्हणाल्या. "कुठलं असेल, सांग."

मी अंदाज केला, "काळं चपटं?"

"नाही."

"छोटं निळसर... उन्हाळ्यातलं?"

"डॉक," ऑटिस मागून म्हणाला, "ते आत्ता तुझ्या कमरेला आहे. सदरा वर गेलाय तुझा."

मिस व्हर्लीननी पर्स उघडून माझी चांदीची अत्तरदाणी नुसती दिसेल एवढी वर केली आणि परत आत ठेवली. "लाकडी मुठीचं. गोळ्या मी काढल्यात. मी कोट निवडायला बसते तेव्हा प्रत्येक खिशात हात घालते, म्हणून सापडलं. मी त्या दिवशी आजारी असते तर हा कोट लहान मुलांच्या स्वेटरांशेजारी टांगला गेला असता."

ऑटिसचं हसू गेलं.

"एक असतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तर गुरुवारी संध्याकाळीच तुझ्या कमरेला कळलं असतं. पाच होती, म्हणून दोन आठवडे कळलं नाही. शनिवारी आठ वाजता वर्गाला ये. बाकीची चारही घेऊन ये, रिकामी. हे माझ्याकडे राहील. ऑक्टोबरच्या परीक्षेत पास झालास की बघू."

"मिस व्हर्लीन, मी अकरा वर्षांपूर्वी तुमच्याच हाताखाली पास झालोय."

"तेव्हा तुझ्याकडे एकच होतं," त्या म्हणाल्या आणि कोट घेऊन गेल्या. कोट पुढे ऑटिसने विकत घेतला. मुद्दाम.

शनिवारी कुंदाही आली. मी म्हटलं, तू कशाला? तर म्हणाली, "मला बघायचंय." सोबत थर्मास आणि डबा घेऊन आली, जशी काही सर्कस होती. शेडमध्ये अकराजण होते. ऑटिस तापलेल्या पत्र्याखाली माझा कॉर्डरॉयचा कोट घालून पहिल्या बाकावर बसला होता. मी आत शिरल्याबरोबर त्याने सगळे खिसे एकेक करून चाचपले आणि म्हणाला, "आज फक्त पेपरमिंटच्या गोळ्या निघाल्या, डॉक."

मिस व्हर्लीननी माझी चार पिस्तुलं टेबलावर मांडायला लावली. मग खडू घेऊन फळ्यावर सोमवार ते शनिवार असे वार लिहिले आणि मला विचारून विचारून प्रत्येक वारापुढे पिस्तूल कुठलं, कुठे लावलेलं आणि त्याला सुरक्षेचा खटका आहे की नाही, हे भरलं. सोमवार, उजवी कंबर, खटका नाही. मंगळवार, पोटापाशी, खटका आहे, खाली दाबायचा. बुधवार, घोट्यापाशी. गुरुवार, कोट असला तर आतला खिसा, खटका वर करायचा. फळा भरत गेला तसतसं माझं मलाच ते एखाद्या गुंतागुंतीच्या उपवासाचं वेळापत्रक वाटायला लागलं.

"आता हात मोकळे ठेव," त्या म्हणाल्या. "मी शिट्टी वाजवून वार सांगेन. पिस्तूल असेल त्या जागेवर हात ठेवायचा आणि खटका आहे की नाही ते बोलायचं. एवढंच. पिस्तुलाला कुणी हात लावायचा नाही."

ती शिट्टी बसमधली होती. अजून तिच्या आवाजाने ऑटिसची पाठ सरळ होते.

"बुधवार."

माझा हात उजव्या कमरेवर गेला, तिथून आठवण झाल्यावर घोट्याकडे निघाला आणि गुडघ्यापाशी अडकला. साठीला आलेल्या माणसाला शिट्टीवर घोटा सापडत नाही.

"मंगळवार."

"खटका आहे. वर... नाही, खाली."

"लुटारू निघून गेला," मिस व्हर्लीन म्हणाल्या. "तुझ्या गोळ्या घेऊन. गुरुवार."

मी इतका गोंधळलो होतो की उजवा हात जोरात डाव्या छातीवर मारला आणि ताठ उभा राहिलो. आतला खिसा तिथेच असतो, म्हणजे उत्तर बरोबर होतं. पण आमच्या टेक्सासात राष्ट्रगीताला माणसं अशीच उभी राहतात. ऑटिसने गंभीरपणे डोक्यावरची हॅट काढून छातीशी धरली. मागचे दोघं उठून उभे राहिले. कुंदाच्या हातातला चहा सांडला. मिस व्हर्लीन एकदाही हसल्या नाहीत, पण शिट्टीचं टोक मात्र त्यांनी बराच वेळ ओठांत धरून ठेवलं.

मग त्यांनी आपला सदरा बाजूला करून उजवी कंबर दाखवली. जुनाट चामड्याच्या होल्स्टरमध्ये त्यांचं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्वर. बस चालवायला लागल्यावर पहिल्या पगारात घेतलेलं, कारण नऊ नंबरच्या रस्त्यावर तेव्हा चाळीस मैलांत एक घर नव्हतं. "अडतीस वर्षं," त्या म्हणाल्या. "हेच, इथेच. नवऱ्याच्या अंत्यविधीलाही इथेच होतं. या अडतीस वर्षांत मी ते एकदाही माणसावर रोखलेलं नाही, आणि एकदाही ते कुठे आहे याचा विचार केलेला नाही. एक पिस्तूल, एक जागा. डोकं घाबरलं की हात जुन्या रस्त्यानेच जातो. त्याला पाच रस्ते शिकवलेत तर तो चौकात उभा राहतो."

हे सांगून त्यांनी आम्हाला पाच गोळ्या मारून दाखवल्या. आणि तिथे मला जे दिसलं ते कदाचित दुसऱ्या कुणाला दिसलं नसेल. तिसऱ्या गोळीला त्यांनी चाप एका बोटाने ओढलाच नाही; दोन बोटं घातली. दोन गोळ्या काळ्या वर्तुळाच्या बाहेर, खाली डावीकडे गेल्या. त्या म्हणाल्या, "वारा आहे." वारा नव्हता.

मला कारण माहीत होतं. त्यांच्या सांध्यांचं औषध दर महिन्याला माझ्याच दुकानातून जातं. पण औषधवाल्याला गावातली सगळी दुखणी माहीत असतात आणि तोंड उघडायची वेळ आली की एकही माहीत नसतं. मी गप्प बसलो.

गप्प बसणं अवघड होतं, कारण पुढे ऑक्टोबर होता. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी क्लबचं वार्षिक जेवण असतं. सगळं गाव येतं. त्या दिवशी वर्गातले परीक्षा देतात, पन्नास गोळ्या, त्यातल्या चाळीस वर्तुळात पाहिजेत, आणि सगळ्यांच्या आधी शिकवणाऱ्याने तीच परीक्षा द्यायची. नापास झाला तर वर्ग सोडायचा. हा नियम वीस वर्षांपूर्वी खुद्द मिस व्हर्लीननी लिहिलेला. आधीच्या मास्तरांना दिसेनासं झालं होतं, तरी ते शिकवत होते, म्हणून.

"नियम मोडता येणार नाही का?" मी ऑटिसला एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणजे ऑटिसनेही ते दोन बोटांचं पाहिलं होतं, कारण तो कशाबद्दल असं न विचारता म्हणाला, "मी मोडेन रे. पण त्या मला मोडू देणार आहेत का?" मग थोड्या वेळाने कोटाच्या खिशात हात घालून म्हणाला, "त्यांचा वर्ग गेला तर शनिवारी काय करतील त्या? घरी बसून भिंतीला शिट्टी वाजवतील."

दंड म्हणून माझ्याकडे दर शनिवारी मैदान झाडायचं काम होतं. झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून डब्यांत घालायच्या. त्या निमित्ताने मी एकदा मिस व्हर्लीनना एकटं गाठलं आणि आडून आडून सुरुवात केली.

"ते माझं छोटं पिस्तूल आहे ना तुमच्याकडे, त्याचा चाप फार हलका आहे बघा. आणि त्याचा मागचा भाग ओढावाही लागत नाही. एक कळ दाबली की नळी मागून वर उघडते, तिच्यात गोळी ठेवायची, मिटायची. बोटांना काही त्रासच नाही."

"तुझ्या बोटांना काय झालंय?"

"माझ्या? काही नाही."

"मग झाड."

पंधरा दिवसांनी कुंदाने तोंड उघडलं. ती आणि मिस व्हर्लीन उन्हाळाभर पीच उकळून बरण्या भरतात. आमच्या स्वयंपाकघरात बसतात, हात चालू, तोंडं चालू. त्या दिवशी एका बरणीचं झाकण मिस व्हर्लीनना फिरेना. त्यांनी दोनदा जोर लावला आणि बरणी मुकाट्याने कुंदापुढे सरकवली. मी दारात उभा होतो. कुंदाला औषधांतलं काही ठाऊक नव्हतं, मी तिला कधी सांगत नाही. पण तिला बरणी दिसली होती आणि बरणीवर गोपनीयतेचं बंधन नसतं.

"मिस व्हर्लीन, त्या रिव्हॉल्वरचा चाप या झाकणापेक्षा कडक असेल नाही?"

मला पळून जावंसं वाटलं.

"वीस वर्षं मी लोकांना सांगतेय," मिस व्हर्लीन बरणीकडे बघत म्हणाल्या, "पिस्तुलं बदलत बसू नका. मीच आता बदललं तर काय तोंड दाखवू त्यांना? हा," माझ्याकडे बोट, "हा गुरुवारचा माणूस काय म्हणेल मला?"

"यांचं काय ऐकता? हे रोज बदलतात. ते वेगळं. तुमच्या चष्म्याचा नंबर वाढला तेव्हा चष्मा बदललात ना? म्हणून काही सोमवारी जुना आणि मंगळवारी नवा असा लावत नाही तुम्ही." कुंदाने झाकण फिरवून बरणी त्यांच्यापुढे ठेवली. "बदलायचं ते एकदाच बदलायचं, आणि मग तेच धरून बसायचं. तुमचाच नियम आहे की हा."

मिस व्हर्लीन पीचची साल काढत राहिल्या. जाताना नेहमीसारख्या दोन बरण्या घेतल्या आणि मला म्हणाल्या, "तू कमरेला काय लावलंयस आज?"

"काळं चपटं."

"काल?"

"काळं चपटं."

"हं," त्या म्हणाल्या.

खरं होतं ते. मी एप्रिलपासून तेच एक लावत होतो, उजव्या कमरेला, सदरा कुठलाही असो. पहिले काही आठवडे बाकीच्या चौघांची, म्हणजे तिजोरीतल्या तिघांची आणि मिस व्हर्लीनकडच्या एकाची, आठवण यायची. मग एक दिवस लक्षात आलं की आपण दुपारपर्यंत कमरेकडे एकदाही लक्ष दिलेलं नाही. फार सुख असतं त्यात. सकाळी कपाटासमोर उभं राहून आज कोण, असा प्रश्न पडत नाही. दहा मिनिटं वाचतात. त्या दहा मिनिटांत मी चहा पितो.

ऑगस्टच्या शेवटी, शनिवारी मैदान झाडत असताना, कोपऱ्यातल्या लाकडी फळीमागे मला पुंगळ्यांचा एक ढीग दिसला. लहान, पिवळ्याधमक, नखाएवढ्या. मी एक उचलली. गावात कोण काय झाडतं हे आता मला पुंगळ्यांवरून कळायला लागलं होतं. या मापाची गोळी लागणारं पिस्तूल गावात एकच होतं, आणि ते माझं होतं. ढीग निदान दोनशेचा होता. पुढच्या शनिवारी तीनशेचा. फळीमागे, म्हणजे रस्त्यावरून दिसू नये अशा बेताने.

मी त्या पुंगळ्या झाडून वेगळ्या डब्यात भरल्या आणि कुणाला काही बोललो नाही. कुंदालासुद्धा नाही. तिला सांगितलं असतं तर "मी म्हटलं नव्हतं?" हे मला मरेपर्यंत ऐकावं लागलं असतं. नंतर ऐकावं लागलंच, ते सोडा.

ऑक्टोबरचा पहिला शनिवार उजाडला तो छानपैकी गार. गायीचं मांस पहाटेपासून धुरावर होतं आणि त्याचा वास पार हमरस्त्यापर्यंत जात होता. आम्ही शाकाहारी, म्हणून बायका आमच्यासाठी दरवर्षी घेवड्याचं वेगळं पातेलं करतात आणि दरवर्षी न चुकता त्यात थोडं डुकराचं मांस घालतात, चवीपुरतं. आम्ही मक्याचा पाव आणि पीचचं गोड यांवर पोट भरतो. ऑटिस कोट घालून आला होता. आज त्याला शोभतही होता.

सगळं गाव बाकांवर बसलं. नऊ नंबरच्या बसमधली अर्धीअधिक माणसं आपापल्या नातवंडांना घेऊन आली होती. बातमी काही कुणी कुणाला सांगितली नव्हती, पण गावाला बोटांचं कळलेलं होतं. एरवी जिथे गलका असतो तिथे जो तो आपल्या ताटात बघत होता. ऑटिस उठून उभा राहिला. "नियमाप्रमाणे आधी शिक्षक," तो म्हणाला आणि पटकन खाली बसला.

मिस व्हर्लीन रेषेवर गेल्या. कानांना झाकणं लावली. शिट्टी आज ऑटिसकडे होती. त्याने ती वाजवली.

त्यांचा हात उजव्या कमरेवर गेला. अडतीस वर्षं जिथे जात होता तिथेच, तसाच. पण रिव्हॉल्वरचा तो ओळखीचा दणका आला नाही. मुलांच्या फटाकडीसारखा टिचकन आवाज आला. मग दुसरा. मग तिसरा. बाकांवरच्या माना एकदम वर झाल्या. एका बोटाने, ठरलेल्या ठेक्यात, शिवणाच्या मशीनसारखा तो आवाज चालू राहिला. त्या मधे थांबायच्या, भरायच्या, परत सुरू करायच्या. घाई नाही. पन्नासावी गोळी गेल्यावर त्यांनी पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. ऑटिस कागद आणायला धावला. त्याला धावताना गावाने त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्याने दोनदा मोजलं. "सेहेचाळीस," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं परत म्हणाला, "सेहेचाळीस, मिस व्हर्लीन."

गावाने जो गलका केला त्याने पलीकडच्या कुरणातल्या गायी उठून उभ्या राहिल्या. ऑटिसने हॅट आभाळात फेकली आणि ती मांस भाजायच्या धुराड्यावर पडली. कुंदा माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाली, "चष्म्याचा नंबर. बघितलंत?" आणि रडायला लागली.

मिस व्हर्लीन वळल्या आणि त्यांनी हात वर केला. गाव गप्प. आरसा.

"मी सांगत आलेय, एक पिस्तूल, एक जागा," त्या म्हणाल्या. "जागा तीच आहे. पिस्तूल एकच आहे. माझ्या बोटांना जुनं झेपेना, म्हणून ते मी ऑगस्टमध्ये पुतणीला देऊन टाकलं. दोन ठेवली असती तर रोज सकाळी मनात आलं असतं, आज कुठलं. हे मला एका बाईने पीच सोलताना शिकवलं. आता बाकीचे उभे राहा. डॉक, तू पहिला."

मी उभा राहिलो. शिट्टी वाजली आणि माझा हात सरळ उजव्या कमरेला गेला. घोट्याकडे नाही, छातीकडे नाही. ऑटिसने तरीसुद्धा हॅटसाठी डोक्याला हात लावला, पण हॅट धुराड्यावर होती. पन्नासातल्या एक्केचाळीस. म्हणजे पास, नि वर एक.

जेवणं उरकली, मुलं पेकानच्या झाडांखाली खेळायला पळाली. मिस व्हर्लीन एका घडीच्या खुर्चीवर बसून पीचचं गोड खात होत्या. येणारा-जाणारा पन्नाशीचा गडी त्यांच्यापुढे वाकून काहीतरी पुटपुटायचा आणि त्या चमच्याने त्याला पुढे जायची खूण करायच्या. त्यांचा चेहरा कसा दिसत होता ते सांगू का? बस रिकामी करून, सगळी मुलं वेळेवर घरी पोचवून, खिडकी उघडून एकटीच परत निघालेल्या बाईसारखा.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तीन वेळा घसा साफ केला. सहा महिने मैदान झाडलं होतं, पास झालो होतो, आणि शब्द शब्दच असतो. शिवाय ते पाचवं दिसायला सुंदर होतंच.

"मिस व्हर्लीन," मी म्हणालो, "आपलं ठरलं होतं, मी पास झालो की माझ्या त्या पिस्तुलाचं बघू म्हणून. तर आता काय करायचं त्याचं?"

त्यांनी चमचा चाटून बशीत ठेवला, उजव्या कमरेवरचा सदरा नीट केला आणि म्हणाल्या, "तुझ्याकडे अजून चार आहेत, डॉक, माझ्याकडे एकच आहे."